सुरण कुलातील रानटी वनस्पती

(ॲरॉइड वनस्पती, कुल-ॲरेसी). सुरण, अळू, शेवळा, सापकांदा, रुखाळू, गोंडाळ इ. वनस्पतींचा समावेश ज्या एकदलिकित (बियांत एकच दलिका असलेल्या) कुलात होतो, त्यास सुरण कुल किंवा ॲरेसी असे म्हणतात. जगात या कुलाच्या सु. १४० प्रजाती व साडेतीन हजारांहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक उष्ण कटिबंधात आढळतात. महाराष्ट्रात त्यांचा भर कोकणात व सह्याद्रीवर असून पूर्वेकडील पठारी भागात त्या विरळ होत जातात. यांपैकी काही रानभाज्या म्हणून आवडीने खाल्ल्या जातात, तर काहींचा लहानसा तुकडा चावल्यानेही तोंडाची आग होते व जीभ सुजते. दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच उतारावर शेजारी-शेजारी उगवतात आणि वर्षाच्या काही आठवड्यांत तर एकमेकांसारखेच दिसतात. म्हणून या वनस्पतींची ओळख हा केवळ वर्गीकरणाचा विषय नसून आहाराशी व आरोग्याशी निगडित असा व्यावहारिक विषय आहे.

कुलाची सामान्य लक्षणे : या कुलातील बहुसंख्य वनस्पती ओषधीय [⟶ ओषधि] असून त्यांचे खोड जमिनीत दृढकंद किंवा मूलक्षोड या स्वरूपात असते, काही वनस्पती वेलीसारख्या झाडांवर चढतात, काही वृक्षांच्या सालीवर वाढतात, तर काही पाण्यात तरंगतात. फुले अतिशय लहान व बिनदेठाची असून ती एका जाड, मांसल दांड्यावर दाटीने बसलेली असतात. अशा फुलोऱ्यास स्थूलकणिश म्हणतात. त्यास वेढणारे एक मोठे, बहुधा रंगीत छद (पुष्पाधार पान) असते. ते महाछद होय. सामान्य माणूस ज्यास ‘फूल’ समजतो ते वस्तुतः महाछद व स्थूलकणिश मिळून झालेला संपूर्ण फुलोरा असतो. पुष्कळ प्रजातींत स्थूलकणिशाच्या तळाशी स्त्री-पुष्पे, त्यांच्या वर पुं-पुष्पे व टोकास फुले नसलेला वंध्य भाग असतो. या भागास उपांग म्हणतात. काही प्रजातींत स्त्री-पुष्पे व पुं-पुष्पे यांच्या दरम्यान वंध्य फुलेही असतात. फळे मृदू असून पिकल्यावर बहुधा लाल किंवा नारिंगी होतात.

फुलोऱ्याच्या आकारमानात या कुलात विलक्षण तफावत आढळते. सुमात्रा बेटातील ॲमॉर्फोफॅलस टिटॅनम या जातीचा फुलोरा सु. ३ मी. उंच होतो, ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञांना ती १८७८ मध्ये आढळली. याउलट डबक्यांतील पाण्यावर हिरवा थर धरणारी वुल्फिया ही वनस्पती जेमतेम १ मिमी. असते. लेम्ना, वुल्फिया इत्यादींचा पूर्वी स्वतंत्र कुलात (लेम्नेसी) समावेश करीत. रेणवीय पुराव्यांवरून त्यांना आता ॲरेसी कुलात घालतात. वेखंडाबाबत नेमके उलट घडले आहे : ते पूर्वी या कुलात गणले जाई, आता त्यासाठी ॲकोरेसी हे स्वतंत्र कुल मानतात. जुन्या ग्रंथांत व नव्या ग्रंथांत या वनस्पती वेगवेगळ्या ठिकाणी आढळतात, त्याचे कारण हे आहे.

ओळखण्यातील अडचणी : पहिली अडचण कालाची आहे. अनेक जातींत फुलोरा व पान एकाच वेळी नसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीतून केवळ फुलोरा वर येतो. तो सुकल्यानंतर काही दिवसांनी त्याच कंदापासून पान निघते. जूनमध्ये पाहिलेला जांभळट फुलोरा व ऑगस्टमध्ये पाहिलेले छत्रीसारखे पान या एकाच वनस्पतीच्या दोन अवस्था आहेत, हे ती जागा पुन्हापुन्हा पाहिल्यावाचून कळत नाही. ऑक्टोबरनंतर पानही वाळून जाते व पुढील सहा-सात महिने जमिनीवर काहीच खूण राहत नाही.

दुसरी अडचण अशी की, प्रजाती ठरविण्याची खरी लक्षणे महाछदाच्या आत झाकलेली असतात. तिसरी अडचण वनस्पती सुकविण्याची : मांसल फुलोरा दाबून वाळविला म्हणजे त्याचा रंग, आकार व फुलांची मांडणी बिघडते. चौथी अडचण नावांची. ‘रानसुरण’ हे नाव निरनिराळ्या ठिकाणी ॲमॉर्फोफॅलस प्रजातीतील भिन्न जातींस दिले जाते, तर ठिपकेदार दांड्याच्या अनेक वनस्पतींना सापावरून नावे पडली आहेत. त्यामुळे केवळ स्थानिक नावावरून एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी लागू करणे धोक्याचे ठरते.

पानांवरून ओळख : पावसाळ्यात फुलोरा नसताना पाने हाच आधार असतो. पानांच्या आकारावरून महाराष्ट्रातील प्रमुख रानटी प्रजातींचे चार गट सहज करता येतात.

(१) छत्राकृती पाने : यांत देठ पात्याच्या कडेस न जुळता खालच्या बाजूस, कडेपासून आत जुळलेला असतो. रानअळू (कोलोकेशिया एस्क्युलेंटा) ओढ्याकाठी, दलदलीत व पाणथळ जागी वाढते. त्याच्या पात्यावर सूक्ष्म मेणचट कणांचा थर असल्याने पाणी न पसरता थेंबाच्या रूपाने घरंगळते. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे. रुखाळू (रेमुसॅशिया व्हिव्हिपॅरा) याचे पान अळवासारखेच असते. तथापि ते बहुधा झाडांच्या खोडांवर, बेचक्यांत किंवा शेवाळलेल्या खडकांवर वाढते. त्याच्या कंदापासून बारीक उभ्या फांद्या निघून त्यांवर आकडेदार खवल्यांच्या लहान कंदिका झुबक्यांनी येतात. त्या प्राण्यांच्या अंगास चिकटून दूरवर जातात. रुखाळूस फुलोरा क्वचितच येत असल्याने त्याचा प्रसार मुख्यत्वे असा होतो. ॲरिऑप्सिस पेल्टॅटा ही याच गटातील लहान वनस्पती ओलसर दरडींवर व खडकांच्या कपारींत आढळते. तिचा नावेसारखा जांभळट महाछद पानांपूर्वी येतो.

(२) एकच, तीन मुख्य भागांत विभागलेले मोठे पान : हे ॲमॉर्फोफॅलस प्रजातीचे लक्षण होय. कंदापासून एकच पान वर येते. त्याचा जाड, बहुधा ठिपकेदार देठ हा चुकीने खोड समजला जातो. पाते प्रथम तीन भागांत व नंतर अनेक खंडांत विभागते. सुरणाच्या (ॲमॉर्फोफॅलस पीओनिफोलियस, जुने नाव ॲमॉर्फोफॅलस कंपॅन्युलॅटस) देठास हात लावल्यास तो खरखरीत, बारीक उंचवट्यांचा लागतो, शेवळ्याचा (ॲमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस) देठ गुळगुळीत असतो. पात्याच्या फाट्यांवर कंदिका दिसल्या, तर ती ॲमॉर्फोफॅलस बल्बिफर ही जाती होय. टॅका या दुसऱ्याच कुलातील वनस्पतीचे पान सुरणाच्या पानासारखे दिसते. परंतु तिचा देठ पोकळ व उभ्या कंगोऱ्यांचा असून फुले चवरीसारख्या झुबक्यात येतात व त्यांत लांब दोऱ्यांसारखी छदे लोंबतात.

(३) एका बिंदूपासून किंवा कमानीवरून निघालेल्या अनेक दलांचे पान : ॲरिसीमा व सॉरोमॅटम या दोन प्रजातींची पाने अशी असल्याने त्यांत घोटाळा होतो. ॲरिसीमामध्ये देठांचे तळ व खवले एकमेकांत गुंडाळून खोडासारखा भाग (आभासी खोड) तयार होतो व फुलोरा त्यातून वर येतो. सॉरोमॅटमला आभासी खोड नसते. पान बहुधा एकच असून ठिपकेदार देठाने सरळ कंदापासून निघते.

(४) आरोही व जलवासी वनस्पती : पोथॉस स्कॅन्डेन्स ही वेल झाडावर चिकटून चढते, तिचा देठ पानासारखा पसरट असल्याने पान संत्र्याच्या पानासारखे दोन सांध्यांचे दिसते. गणेशकंदाच्या (ऱ्हॅफिडोफोरा पर्टुसा) मोठ्या पानांना भोके असतात. बागेतील मॉन्स्टेरा याच कुलातील आहे. ओढ्यांच्या खडकाळ पात्रांत क्रिप्टोकोरीनची अरुंद पाने पाण्याखाली असतात. तिच्या नजीकच्या लॅजिनँड्रा या प्रजातीपासून ती कोवळ्या पानावरून ओळखता येते : लॅजिनँड्रामध्ये पानाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात, तर क्रिप्टोकोरीनमध्ये एक कड दुसरीस गुंडाळून घेते.

फुलोऱ्यावरून ओळख : फुलोरा मिळाल्यास जाती निश्चित करणे सुलभ होते. सुरणाचा फुलोरा आखूड दांड्यावर, जवळजवळ जमिनीलगत येतो. महाछद रुंद घंटेसारखा व उपांग फुगीर, वळ्यावळ्यांचे, गडद जांभळे असते. शेवळ्याचा फुलोरा लांब दांड्यावर उभा असून महाछद अरुंद व उपांग लांब, निमुळते होत गेलेले असते. ॲमॉर्फोफॅलस सिल्व्हॅटिकस या जातीत स्त्री-पुष्पे व पुं-पुष्पे यांच्यामध्ये वंध्य फुलांचा पट्टा असतो. शेवळ्यात तो नसतो. ॲमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस या जातीचे वर्णन तर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले; परिचित प्रदेशातही नवी जाती नजरेआड राहू शकते, याचे ते उदाहरण होय.

सापकांदा (ॲरिसीमा मरे) मृगाच्या पहिल्या सरींबरोबर महाबळेश्वरसारख्या उंच भागांत फुलतो. त्याचा पांढरा महाछद नागाच्या फण्याप्रमाणे पुढे झुकलेला असून आतून, तळाकडे जांभळा असतो. ॲरिसीमा टॉर्च्युओसम या जातीचा महाछद हिरवा असतो आणि तिचे उपांग वाकडे होऊन शेपटीसारखे महाछदाबाहेर वर डोकावते. या प्रजातीत लहान रोपे बहुधा पुं-पुष्पे व पुढे कंद मोठा झाल्यावर तीच रोपे स्त्री-पुष्पे धारण करतात. परागणाचे काम लहान माश्या व चिलटे करतात. पुं-फुलोऱ्याच्या तळाशी कीटकांना बाहेर पडण्यास फट असते, स्त्री-फुलोऱ्यात ती नसते. आत शिरलेला कीटक पराग अंगावर घेऊन तेथेच अडकतो व बहुधा मरतो.

सॉरोमॅटम व्हिनोसमचा महाछद पिवळसर असून त्यावर जांभळे डाग असतात व उपांग बरेच लांब असते. फुलोरा पानापूर्वी येतो. आतील स्त्री-पुष्पांच्या लगेच वर गदेच्या आकाराची वंध्य फुले असतात व त्यांच्या वर बऱ्याच अंतरानंतर पुं-पुष्पे येतात. ॲरिसीमापासून ती ओळखण्याची ही निश्चित खूण होय. फुलण्याच्या दिवशी तिचे उपांग तापते व त्यास शेणासारखा दुर्गंध येतो; त्यामुळे कीटक आकर्षिले जातात. या कुलातील फुलोऱ्यांत उष्णता निर्माण होते, हे लामार्क यांनी १७७८ मध्ये नमूद केले होते. सॉरोमॅटममध्ये तिला चालना देणारे द्रव्य सॅलिसिलिक अम्ल आहे, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले.

क्रिप्टोकोरीनचे स्थूलकणिश महाछदाच्या नळीत पूर्णपणे बंदिस्त असते व बाहेर केवळ पिळदार टोक दिसते. पावसाळा संपून ओढ्याचे पाणी ओसरू लागल्यावर ती फुलते. ज्या काळात कुलातील इतर रानटी जाती नाहीशा झालेल्या असतात, त्याच काळात ती शोधावी लागते.

प्रसार : हिमालयाच्या पायथ्याच्या व मध्यम उंचीच्या प्रदेशात ॲरिसीमाच्या अनेक जाती आहेत, सह्याद्रीत त्या मोजक्याच आहेत. ॲरिसीमा टॉर्च्युओसम, सॉरोमॅटम व्हिनोसम व रुखाळू या जाती दोन्हीकडे आढळतात. याउलट शेवळा व सापकांदा या पश्चिम घाटाच्या प्रदेशापुरत्या सीमित (प्रदेशनिष्ठ) आहेत. म्हणून हिमालयातील वनस्पतींसाठी केलेली ओळखकोष्टके येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. मुंबई परिसरातील वनस्पतींची जॉन ग्रॅहॅम यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. सापकांदा व ॲरिऑप्सिस यांची शास्त्रीय नोंद तीत प्रथम आढळते. पुढे टी. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथात (१९०१–०८) या कुलाचे विस्तृत वर्णन आले.

मराठवाड्याच्या काळ्या, भारी जमिनीत व कमी पावसात या कुलाला फारसा वाव नाही. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनश्रीवरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्याच्या परिसरात पूर्णा नदी गोदावरीस मिळते. अशा नदीखोऱ्यांतील सपाट, शेतीच्या मुलखात या कुलाचा परिचय मुख्यतः विहिरीच्या पाटालगत लावलेले अळू, बागायतीतील सुरण आणि संथ पाण्यावरील गोंडाळ (पिस्टिया स्ट्रॅशिओटिस) व लेम्ना यांच्यापुरता असतो. गोंडाळाची मऊ, लवदार, पन्हळी पाने कोबीच्या गड्ड्यासारखी पाण्यावर पसरतात. त्यास अनेकदा जलपर्णी समजतात. परंतु जलपर्णीचे देठ फुगीर व पोकळसर असून तिला फिकट जांभळ्या फुलांचा ठळक तुरा येतो, तर गोंडाळाचा फुलोरा पानांच्या बगलेत जवळजवळ लपलेला असतो. जलपर्णी सुरण कुलातील नाही.

खाज व विषबाधा : या कुलातील बहुतेक वनस्पतींच्या कोशिकांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुड्यांनी असतात. पान किंवा कंद चावला असता ते जीभ, ओठ व घसा यांच्या आवरणात रुततात. अळवासारख्या वनस्पतींत या स्फटिकांबरोबर असलेली प्रथिने दाह वाढवितात, असे संशोधनातून आढळले आहे. त्यामुळे आग, लाळ गळणे, सूज व गिळण्यास त्रास ही लक्षणे दिसतात. घशास अधिक सूज आल्यास श्वासास अडथळा होऊ शकतो. असे झाल्यास तोंडातील तुकडे काढून टाकून तोंड पाण्याने स्वच्छ धुवावे, वांती करवू नये व सूज वाढत असल्यास किंवा श्वास अडत असल्यास रुग्णास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. सापकांद्याचे पिकलेले लाल कणीस मक्याच्या कणसासारखे दिसते व लहान मुलांना त्याचे आकर्षण वाटते; डोंगराळ भागात त्याविषयी मुलांना आधीच सावध करणे इष्ट असते. घरात शोभेसाठी लावलेल्या डिफेनबॅकियामध्येही हाच दोष आहे.

अळू, सुरण व शेवळा शिजविताना चिंच, आमसूल किंवा अन्य आंबट पदार्थ घालण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तथापि कॅल्शियम ऑक्झॅलेट दुर्बल अम्लांत सहसा विरघळत नाही. म्हणून आंबटपणा घातला की कोणतीही वनस्पती निर्धोक होते, हा समज चुकीचा आहे. योग्य जातीची निवड, खाजरा भाग काढून टाकणे व भरपूर शिजविणे या तीन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत.

उपयोग व परंपरागत ज्ञान : मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील बाजारांत ठाकर, कातकरी व वारली स्त्रिया शेवळ्याच्या जुड्या विकावयास आणतात. जुडीबरोबर बहुधा काकड या वृक्षाची (गरुगा पिनॅटा) लहान आंबट फळेही देतात. भाजी करताना महाछद उलगडून आतील फुलांचा पिवळसर भाग काढून टाकतात. खाज मुख्यत्वे त्या भागाची असल्याचे अनुभवाने ठरलेले आहे. नंतर बाकीचा भाग चिरून, काकडाच्या रसात शिजवून त्याची भाजी करतात; त्यात कोलंबी किंवा खिमाही घालतात. फुलोऱ्याचा कोणता भाग टाकावयाचा हे ठाऊक असणे म्हणजे त्याची रचना ठाऊक असणेच होय. वनस्पतिवैज्ञानिक महाछद उभा चिरून जे पाहतो, तेच भाजी निवडणारी स्त्रीही पाहते. कोकण व गोव्यात रानअळवाच्या कोवळ्या पानांचीही भाजी करतात.

शेवळा फुलोऱ्याच्या अवस्थेतच खुडला जात असल्याने त्या वर्षी त्यास बी धरत नाही. कंद जमिनीत राहिल्याने वनस्पती मरत नसली, तरी एकाच उतारावरील सर्व फुलोरे दरवर्षी काढल्यास नवी रोपे येणे थांबते. म्हणून प्रत्येक जागी काही फुलोरे फळण्यासाठी राखणे आवश्यक आहे. प्रदेशनिष्ठ जातींच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्या येथून नाहीशा झाल्यास अन्यत्र कोठेही उरणार नाहीत.

नोंद करण्याची पद्धत : अनोळखी वनस्पती आढळल्यास ती चाखून पाहू नये व कंद उपटू नये. जागा, अधिवास (खडक, झाडाचे खोड, ओढा, गवताळ उतार) व तारीख लिहून ठेवावी. देठाचा स्पर्श व त्यावरील ठिपके, दलांची संख्या, महाछदाचा आतील व बाहेरील रंग, उपांगाचा आकार व वास ही लक्षणे ताज्या वनस्पतीवरच टिपावी लागतात. त्या ठिकाणी फुलोरे अनेक असल्यास त्यांपैकी एक उभा चिरून स्त्री-पुष्पे, वंध्य फुले व पुं-पुष्पे यांचा क्रम पाहावा. अभ्यासासाठी तो मद्यार्कात ठेवल्यास आकार टिकतो. एका फुलोऱ्याची दोन-तीन छायाचित्रे याच कामी उपयोगी पडतात. शेवटी जागेवर खूण करून पाने आल्यावर व फळे धरल्यावर ती पुन्हा पाहावी. फुलोरा, पान व फळ या तिन्ही अवस्था एकाच कंदाच्या आहेत अशी खात्री झाल्यावरच जातीची ओळख पूर्ण झाली असे मानतात. तोपर्यंत ती वनस्पती खाण्यास योग्य धरू नये.